दोन हाकांचा नियम

दोष कॅप्टन रेळ्यांचा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण अशा म्हाताऱ्यांचा दोष शेवटी पोरांच्याच नावावर चढतो.

“...मग कुठली नोकरी धरू, सर?” श्रीरंग आगलावेनं विचारलं.

बंद पडलेल्या धावपट्टीच्या कडेला रेळ्यांचं घर. याच पट्टीवर त्यांनी उभी हयात पोरांना विमान चालवायला शिकवलं. आता डांबरातून गवत वर आलं होतं आणि त्यात शेळ्या चरत होत्या. शिकून गेलेल्यांपैकी भेटायला येणारा हा एकच. बाकीचे रेळ्यांचा आवाज आठवला तरी वाट बदलायचे.

“खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या लागल्या,” रेळे म्हणाले, “तरी मलाच विचारतोस?”

“संध्याकाळपर्यंत नव्या कंपनीला होकार कळवायचाय. रात्री जुन्या कंपनीचं दुबईचं विमान आहे माझ्याकडे. काल रात्रीचं उतरवून थेट इथंच आलो.”

“बोल.”

जुनी कंपनी पगार कमी देते, श्रीरंग सांगू लागला. विश्रांती कागदावर पूर्ण, पण विमानतळ ते हॉटेल जाण्यायेण्यातच संपते. नवी दीडपट पगार देते. पण तिथं लागोपाठ रात्री, नाही म्हणायची सोय नाही, मध्येच सोडलं तर बाँडचे पैसे भरा.

“दमत नाहीस ना?”

“वैमानिकानं दमलो म्हणायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत.”

रेळ्यांना बरं वाटलं. त्या वयातही बरं वाटलं, हे विशेष.

“शिवाय नव्यांकडे रात्रीच्या ड्यूटीला...” श्रीरंग म्हणाला, आणि थांबला.

रेळे वाट बघत राहिले.

वारा पडला होता. शेळ्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या होत्या. श्रीरंग ताठ बसलेला, हातात कप, नजर पट्टीवर. पापणी लवत नव्हती.

“श्रीरंग?”

...

मग रेळ्यांनी कॉकपिटमधली हाक दिली. तिथं एकानं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं ‘चेक्ड’ म्हणायचं. लागोपाठ दोन हाकांना उत्तर आलं नाही, तर माणूस कामातून गेला समजून शेजारच्यानं ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत विमान ताब्यात घ्यायचं. हे उत्तर अंगात मुरावं म्हणून रेळे होस्टेलमध्ये झोपलेल्या पोरांच्या कानाशी जाऊन हाका द्यायचे. जो ‘चेक्ड’ म्हणायचा नाही, तो उन्हात पट्टीला फेऱ्या मारायचा. याला ते शिस्त म्हणत.

“उंची हजार.”

“चेक्ड,” श्रीरंग म्हणाला.

रेळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात त्यांचं लक्ष कपाकडे गेलं. कप कलंडला होता. वाफाळता चहा श्रीरंगच्या मांडीवर सांडत होता. श्रीरंग हलला नाही.

“उंची शून्य,” रेळे हळू आवाजात म्हणाले.

“चेक्ड.”

“दोन्ही इंजिनं बंद.”

“चेक्ड.”

आवाज स्वच्छ. थोडा नम्रसुद्धा. वर्गात पहिल्या बाकावरून यायचा तसाच.

रेळे खुर्चीत पुढे सरकले.

“श्रीरंग, तू मेलास.”

“चेक्ड.”

...

दुसऱ्या हाकेलाही उत्तर येत होतं. कितीही हाका मारल्या असत्या, तरी आलं असतं. कॉकपिटमध्ये शेजारच्या खुर्चीतला कुठलाही पोरगा निर्धास्त बसून राहिला असता, अगदी जमीन येईपर्यंत.

“...जादा भत्ता आहे,” श्रीरंग म्हणाला. वाक्य सोडलं होतं तिथूनच. मग मांडीकडे बघून ओरडला, “आई गं. हे कधी सांडलं?”

रेळ्यांनी टेबलावरच्या त्याच्या गाडीच्या चाव्या उचलून स्वतःच्या खिशात टाकल्या.

“आय हॅव कंट्रोल.”

“काय हे, सर?” श्रीरंग हसला.

“झोपला होतास. डोळे उघडे ठेवून.”

“काहीतरीच. बोलतोय की मी तुमच्याशी.”

“हो. झोपेतही बोलत होतास.”

श्रीरंगचं हसू गेलं. टेबलावरचा त्याचा फोन वाजू लागला. जुन्या कंपनीचं ड्यूटी ऑफिस. रात्रीच्या उड्डाणाला येताय ना, एवढंच विचारायला.

रेळ्यांनी फोन उचलला.

“द्या इकडे,” श्रीरंग म्हणाला. “सर, तिथं एक शब्द बोललात तर ही नोकरी जाईल आणि ती मिळणार नाही. मग मीही तुमचा शिष्य नाही. या फाटकात पुन्हा पाय ठेवणार नाही.”

रेळ्यांनी फोन कानाला लावला.

“आगलावे आज उडणार नाहीत. त्यांची तशी अवस्था नाही. लिहून घ्या.”

श्रीरंग उठला. चाव्याही न मागता फाटकाकडे चालू लागला. शेळ्यांनी त्याला वाट करून दिली.

“आपण त्यांचे कोण?” फोनवरच्या बाईनं विचारलं.

रेळे त्याच्या पाठीकडे बघत राहिले...

“आता कुणी नाही.”