चैतेचा दगड

एका राज्यात, नाव नाही सांगत, नाव घ्यायच्या लायकीचं नव्हतंच ते, धरणीपाल नावाचा राजा होता. राज्याच्या कडेला मोहाचं रान. तिथं माणूस मेलं की त्याच्या नावानं दगड उभा करत. दरसाल मोहाचं पहिलं फूल दगडांना ठेवायचं, मगच बाकीची वेचायची, अशी रीत. फूल मिळालं की दगड बोटभर वाढे.

राजाला नवा महाल हवा झाला. दवंडी पिटली, रान दरबारजमा! शिपाई आले, तीनशे दगड उपटून गाड्यांत घालून घेऊन गेले आणि ते महालाच्या भिंतींत चिणले. मेलेल्यांना उपटलं हो! एकाचाही हात अडखळला नाही.

त्या दगडांत चैते म्हातारीचा दगड होता. तिची लेक कोसी दरबारी गेली. मोह फुलायला लागला होता. दगडच नाहीत तर पहिलं फूल ठेवायचं कुणापुढं? आणि ते ठेवल्यावाचून रानातलं कुणी फुलाला हात लावणार नव्हतं, पोरं उपाशी राहिली तरी.

"राजा, आमचे दगड दे. आमचं रान दे."

"रान तुमचं? तीन साक्षी आण."

कोसीनं नदीला हाक मारली. नदी पायऱ्या चढून दरबारात आली. म्हणाली, "यांच्या खापरपणज्या माझ्या पाण्यावर वाढल्या."

प्रधान म्हणाला, "नदी आज इथं, उद्या तिथं. नामंजूर."

मग धनेश पक्षी आला. त्यानं एका दमात बारा पिढ्यांची नावं सांगितली.

"पक्षी दरबाराची प्रजा नव्हे. नामंजूर."

"तिसरी साक्ष आमच्या मेलेल्यांची," कोसी म्हणाली. "ते तुझ्या भिंतीत आहेत. विचार त्यांना."

राजा हसला. मग अख्खा दरबार हसला. मेल्यांनो, हसताना लाज कशी वाटली नाही तुम्हांला!

कोसीच्या पदरात एकच फूल होतं, येताना वाटेत पडलेलं, यंदाचं पहिलं. ते तिनं भिंतीच्या पायाशी ठेवलं. "आये, तुझ्या जागी नाही देता आलं. इथंच घे."

तीनशे दगड बोटभर वाढले. मग आणखी बोटभर. दारं अडकली, छत तडकलं, दरबारी खिडक्यांतून उड्या टाकून पळाले. राजा मात्र सिंहासन आणि भिंत यांच्यामध्ये चेपला. दरबारच्या मांत्रिकानं तीनदा मंत्र म्हटला. दगडांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, हुकूम कर त्यांना!" राजा ओरडला.

"आईला हुकूम करतं का कुणी? नेऊन ठेव त्यांना."

"शंभर माणसं लावतो!"

"माणसं नाही. तू. डोक्यावरून."

राजा हो म्हणाला तेव्हा भिंत वीतभर मागं सरली. तेवढ्यातून तो निघाला आणि पहिला दगड त्यानं डोक्यावर घेतला. रानात पोचल्यावर प्रत्येकाला विचारायचं, "तुझं नाव काय? तुझी जागा कुठली?" दगड सांगे. चुकीच्या जागी ठेवला की तो दुप्पट जड होई. राजा रडला, रक्ताळला. रडू दे! तिकडं मोहाचा सडा पडत होता, पोरं आवंढे गिळत कडेला बसली होती, आणि एकानंही फूल उचललं नव्हतं.

एकेक दगड निघाला तसा महाल खाली येत गेला. शेवटी उरला चैतेचा दगड. राजानं तो रानाच्या तोंडाशीच टाकला आणि बसकण मारली. "झालं. इथं चालेल."

"पुन्हा उचल," कोसी म्हणाली.

त्यानं उचलला. नाव विचारलं, जागा विचारली, तिथं उभा केला. मग उलटी दवंडी पिटली, स्वतःच्याच तोंडानं: रान राजाचं नाही, कधीच नव्हतं.

कोसीनं सगळ्या दगडांपुढं फुलं ठेवली. रीत पुरी झाली, पोरं टोपल्या घेऊन धावली.

राजा उभाच होता. महालाच्या जागी आता नुसती माती होती. त्यानं हळूच विचारलं, "बाई, आणि माझी जागा कुठली?"

"ते तुझ्या मेलेल्यांना विचार," कोसी म्हणाली, आणि फुलं वेचायला वाकली.