इनामदारांचा मावा

माघात गव्हावर रस शोषणारा मावा पडला आणि भानोजी इनामदार बांधावर येरझाऱ्या घालू लागले. शेजारच्या रानात सगुणा विळ्याने गवत कापत होती. अखेर ते तिच्यासमोर थांबले.

"तुझे लाल ढालकिडे माझ्या गव्हात शिरलेत. दिवस मावळायच्या आत परत ने, नाहीतर तुझं रान पेटवतो."

सगुणाने विळा या हातातून त्या हातात घेतला. मग इनामदारांची एक ओंबी निरखून म्हणाली, "नेते की सरकार. पण सकाळपासून ते तुमचा मावा खातायत. त्यांच्या पोटातून तो माझ्या रानात आला, तर मागून चोरीचा आळ घेऊ नका."

इनामदारांनी वाकून पाहिलं. ढालकिडा मावा मटकावत ओंबी चढत होता.

"राहू देत," म्हणत ते पुन्हा चालू लागले. परतीच्या फेरीला हळूच विचारलं, "अजून आहेत का गं तुझ्याकडे?"