पाटाईची पायवाट

वरळीच्या या गल्लीत, दोन उंच इमारतींच्या मधल्या कट्ट्यावर जी देवी बसली आहे, तिला ना मुखवटा आहे ना हात. तो एक पाटा आहे. मसाला वाटायचा असतो तसाच, मध्ये झिजून खोलगट झालेला. आम्ही तिला पाटाई म्हणतो. कट्ट्यापासून पूर्वेला पाहिलंत तर जमिनीत काळ्या दगडांची एक ओळ दिसेल. पंधरा पावलं जाते आणि रस्त्याच्या डांबराखाली दिसेनाशी होते. चपला काढा आणि त्या ओळीवरून चालत या, मग तुमची ओटी भरते. ओटीत तांदूळ, खण, नारळ यांच्याबरोबर मी एक लहानसा दगड ठेवला तर दचकू नका. इथली रीतच तशी आहे.

तुम्ही काल कुलाब्याहून निघालात, मंत्रालय पाहिलंत, माझगावची गोदी लांबून पाहिलीत, परळवरून माहीमला जाऊन आलात. एवढी मोठी महाराष्ट्राची राजधानी, पण वाटेत पाय कुठे भिजला का? नाही ना? फार पूर्वी ही राजधानी नव्हती, एक गावसुद्धा नव्हतं. समुद्रात सात बेटं होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधे खाड्या. लेकीला शेजारच्या बेटावर दिलं तर आई म्हणायची, समुद्रापार दिली.

त्या काळात वरळीत जोमा नावाचा कोळी राहत होता. त्याची बायको सुकरी डोंगराकडची, शहापूरच्याही पलीकडची. लग्नाआधी तिने समुद्र पाहिला नव्हता. एका वैशाखाच्या अखेरीला जोमाची होडी वादळात सापडली आणि नऊ दिवस परतली नाही. सुकरीला होडी या वस्तूचाच राग आला. ती गावदेवीपुढे पदर पसरून म्हणाली, "आई, माझं कुंकू राख. श्रावणातल्या शुद्ध अष्टमीला सात बेटांच्या सात सवाष्णी तुझ्या नावानं जेवू घालीन. एकीचाही पाय होडीला लागणार नाही. सगळ्या चालत येतील."

दहाव्या दिवशी जोमा परत आला, म्हणे, एका फळीला धरून. बायकोचा नवस ऐकून तो आधी हसला. पण देवीने शब्द पाळला होता. त्यानेही शपथ घेतली, की नवस फिटेपर्यंत होडीत पाय ठेवणार नाही.

सुकरीची सासू पोसूआय. तरुणपणीच कपाळ मोकळं झालेली, तोंडाने तिखट. तिने कपाळाला हात लावला.

"अगो डोंगरातले बाय, पुनवेला बोलली असतीस तर खाडी आपसूक उघडी पडली असती! अष्टमीला भांग असतो भांग. पाणी धड भरत नाय, धड ओसरत नाय."

"मला काय ठाऊक आत्या? आमच्याकडं देवीचा दिस म्हंजे अष्टमी."

"आता पोराला काय, कोंबड्या राखायला बसवू?"

दिवस बदलणं सुकरीला पटेना. देवीने काही जोमाला पुढच्या पुनवेला आणते म्हणून सांगितलं नव्हतं. पण अष्टमीनंतर सातच दिवसांनी नारळी पुनव होती. त्या दिवशी सगळ्या होड्या दर्यात जाणार आणि नवस राहिला तर जोमा तेवढा किनाऱ्यावर बसणार. दर्याशिवाय तो कसा वाळत चालला होता, हे ती रोज पाहत होती.

अष्टमी उजाडली. दुपारी ओहोटी होती. सुकरीने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, वालाचं बिरडं केलं, नारळाच्या दुधातली खीर केली. सात केळीची पानं मांडली. वरळीची सवाष्ण दारातच होती. बाकीच्या सहाजणी बेटामागून बेट, चिखल तुडवत परळच्या अंगाला येऊन पोचल्या. लहान खाड्यांत गुडघाभर पाणी होतं, ते कसंही निभावलं. पण शेवटच्या खाडीत, अगदी मधोमध, पंधरा हात रुंद ओघ उरला होता. छातीभर पाणी आणि खाली माणूस गिळणारा चिखल.

अलीकडे सुकरी आणि तिचं शिजलेलं अन्न. पलीकडे सहा उपाशी सवाष्णी. मधे काठाला बांधलेली जोमाची नवी होडी.

त्या सहांत धाकट्या कुलाब्याची बायामाय होती. ऐंशीची म्हातारी, तोंडात दात नाहीत. ती पलीकडून ओरडली, "ए सुकरे, काय ते लवकर कर! माझा म्हातारा घरी पडून हाय. उशीर झाला तर सवाष्ण म्हणून निघालेली मी पोचेपर्यंत रांड व्हायची!"

दोन्ही काठ हसले. सुकरी मात्र रडत घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर पाटा होता. माहेराहून आलेला, डोंगरातल्या दगडाचा. ती चिखलात कमरेइतकी शिरली आणि देवीचं नाव घेऊन तिने तो पाटा ओघात सोडला.

"बाय माझे, संध्याकाळी वाटण कशावर करशील?" जोमा ओरडला.

"नवस फिटला तर अळणी खाईन!"

मग काय झालं, ते आमच्या सासूबाई हातवारे करून सांगत. घराघरातून बायका निघाल्या, म्हणे. कुणी पाटा आणला, कुणी उखळ, कुणी चुलीचे दगड. पुरुष मागून ओरडताहेत, "अगो, ते तरी ठेव!" आणि बायका ऐकत नाहीत. पलीकडे परळच्या शेतात लावणी करणाऱ्या बायका बांधाचे दगड ओट्यांत घालून धावल्या. सगळ्यांच्या शेवटी पोसूआय आली. तिच्या पुढे तिचं मोठं जातं, जोमा आणि दोन शेजारी ते ढकलताहेत. नवरा गेल्यावर लोकांचं दळून त्या जात्यावर तिने जोमाला वाढवलं होतं. तिने ओघाकडे नुसतं बोट दाखवलं. जातं ओघाच्या मधोमध बसलं आणि वाट पुरी झाली.

तोवर पाणी उलटलं होतं, भरती लागली होती. पाचजणी भराभर आल्या. बायामाय मात्र एका दगडावर पाय ठेवी, थांबे, दम खाई. पाणी चढतच होतं. पण पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. देवीने भरती धरून ठेवली, असं सांगतात. पोसूआयचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, भांगाची भरती अशीच, मुंगीच्या पावलाने चढते. पुनवेचं उधाण असतं तर पाणी घोड्यासारखं आलं असतं आणि म्हातारीला घेऊन गेलं असतं. सून चुकली म्हणून म्हातारी वाचली. आता ती चूक सुकरीला सुचवली कुणी, ते तुम्हीच सांगा.

म्हातारीचा पाय काठाला लागला आणि सुकरी ओरडली, "आली गो, चालत आली!"

पण पानावर बसायला बायामाय तयार होईना. पोसूआय रीतीप्रमाणे मागे, दाराआड उभी होती. म्हातारीने तिला हाताला धरून ओढलं.

"जिच्या जात्यावरून मी चालत आले, ती उभी आणि मी बसू? आठवं पान मांड."

"मी कशी बसू आये? सवाष्णींची पंगत ही."

"देवीला राग आला तर माझं नाव सांग. माझे दिवस किती उरलेत!"

आठवं पान मांडलं गेलं. पोसूआयने पहिला घास घेतला तेव्हा तिखट तोंडाची ती बाई लहान मुलीसारखी रडली, असं सांगतात. सातव्या दिवशी, नारळी पुनवेला, जोमाने होडी लोटली. पुढच्या वर्षापासून येणारी प्रत्येक बाई ओटीत एक दगड घेऊन आली. वाट रुंद झाली. इतर खाड्यांवरही तशा वाटा झाल्या, म्हणे. सात बेटं एक झाली ती अशी, असं आम्ही बायका मानतो. सुकरीचा पाटा पुढे खोदताना सापडला, तोच हा कट्ट्यावर.

आजही श्रावणातल्या शुद्ध अष्टमीला या गल्लीत कुणी वाटत नाही की दळत नाही. मिक्सरसुद्धा मुके असतात, आदल्या दिवशीचं वाटण फ्रिजमधून निघतं. सात ठिकाणांहून सातजणी येतात, आणि आठवं पान नवरा नसलेल्या बाईचं. ते आधी वाढायचं. गेल्या वर्षी कुलाब्याच्या बाई दोन तास रस्त्यात अडकल्या. खीर गार झाली, तरी कुणी पानाला हात लावला नाही. चौथ्या मजल्यावरच्या माई, गेल्याच वर्षी एकट्या झालेल्या, आठव्या पानावर बसून सारख्या विचारत होत्या, "आल्या का हो?" शेवटी त्या बाई कोपऱ्यावर उतरल्या, चपला हातात घेऊन काळ्या दगडांवर आल्या, आणि सगळ्यांच्या आधी माईच ओरडल्या, "आली गो, चालत आली!"