पहिल्या बशीतला थेंब

"माझा थेंब!"

"संपला!"

"माझा थेंब दे!"

"संपला म्हटलं ना!"

"कुणी प्यायला?"

"मी प्यायले. बरं मग? काय करशील?"

अस्सं कडाकडा भांडण चाललं होतं.

कुणाचं कुणाचं?

एक होती हौसाक्का. चिंचेखाली तिचं चहाचं दुकान. आवाज असा, की झाडावरचे कावळे उडायचे. भुर्रर्र!

दुसरी होती मुंगी. तांबडी. तिळाएवढी. आवाज असा, की वाका, कान लावा, तर ऐकू येईल.

पण भांडायला? दोघी सारख्या!

आणि भांडण कशावरून? ऐका तर.

हौसाक्का रोज सकाळी चहा करायची. रटरट, रटरट. पहिली बशी कुणाची? गिऱ्हाइकाची नाही. हौसाक्काचीसुद्धा नाही. पहिली बशी धरणीमायची! हौसाक्का ती मातीत ओतायची. माती प्यायची. गुटुक गुटुक. आणि चिंचेच्या एका पानावर एक थेंब राहायचा. गोड, गरम, गोल.

तो थेंब मुंगीचा.

हौसाक्काच्या पणजीनं बशी ओतली. आजीनं ओतली. आईनं ओतली. आणि मुंगीच्या पणजीनं थेंब प्यायला. आजीनं प्यायला. आईनं प्यायला. अशी ती रीत.

आणि आज? आज थंडी फार. दूध होतं घोटभर. चहा झाला बशीभर. हौसाक्काची बोटं गारठलेली. बशी दिसली गरम गरम. उचलली. तोंडाला लावली. फुर्रर्र!

माती कोरडी. पान कोरडं. मुंगी उपाशी!

"चुकलं म्हण!" मुंगी म्हणाली.

"हौसाक्का चुकत नसते!"

"मग दुसरा चहा कर!"

"आधी दूध, मग चहा. जा! तिळाएवढी तू, आणि तोरा केवढा! पायाखाली येशील."

"जाते. पण थेंब घेईनच!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात होती म्हैस. काळी काळी, मोठी मोठी. शेपूट हलवत होती. सपक सपक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
हौसाक्का चहा करीना,
थेंब मला मिळेना.
तू तरी दूध दे!"

म्हैस म्हणाली, "ऑंय! आली का आठवण? माझ्या दुधाशिवाय चहा म्हणजे नुसतं तांबडं पाणी! पण माझी गव्हाण बघ. आहे का काडी? आधी गवत, मग दूध. जा!"

"जाते. पण थेंब घेईनच!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बांधावर होतं गवत. पिवळं पिवळं. आडवं पडलेलं.

"कोण गं अंगावर चालतंय? गुदगुल्या होतात!"

"मी मुंगी.
गवतदादा, गवतदादा,
म्हैस दूध देईना,
हौसाक्का चहा करीना,
थेंब मला मिळेना.
तू तरी हिरवा हो!"

गवत म्हणालं, "हिरवा हो म्हणे! हिरवा काय रंग लावून होऊ? आधी पाणी, मग हिरवा. जा!"

"जाते. पण थेंब घेईनच!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेतात होता पाण्याचा पाट. पाणी नव्हतंच. आ वासून पडला होता.

"पाटभाऊ, पाटभाऊ,
गवत हिरवं होईना,
म्हैस दूध देईना,
हौसाक्का चहा करीना,
थेंब मला मिळेना.
तू तरी वाहा!"

पाट म्हणाला, "खॉक् खॉक्! घशाला माझ्या कोरड. मी काय वाहू, धूळ? आधी मोटर, मग पाणी. जा!"

"जाते. पण थेंब घेईनच!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

विहिरीवर होती मोटर. पत्र्याची टोपी घालून बसली होती. गप्प.

"मोटरबाई, मोटरबाई,
पाट खळखळ वाहेना,
गवत हिरवं होईना,
म्हैस दूध देईना,
हौसाक्का चहा करीना,
थेंब मला मिळेना.
तू तरी घुर्र कर!"

मोटर म्हणाली, "मी का आपल्या मनानं चालते? माझा खटका आहे तिथं भिंतीवर. तो येसूबाबा दाबतात. रोज दाबतात. आज पत्ताच नाही! आधी बाबा, मग घुर्र. जा!"

"जाते. पण थेंब घेईनच!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणात होती बाज. बाजेवर गोधडी. गोधडीत येसूबाबा. घोर्रर्र, घोर्रर्र.

मुंगी बाजेवर चढली. गोधडीवर चढली. मिशीवर चढली. मिशी वर, मुंगी वर. मिशी खाली, मुंगी खाली.

"येसूबाबा, येसूबाबा,
मोटर घुर्र करीना,
पाट खळखळ वाहेना,
गवत हिरवं होईना,
म्हैस दूध देईना,
हौसाक्का चहा करीना,
थेंब मला मिळेना.
तुम्ही तरी उठा!"

"आक्छीं!"

मुंगी उडाली. उशीवर पडली. टप्प!

बाबा म्हणाले, डोळे मिटूनच म्हणाले, "कोण गं तू पोरी? अगं, चहा घेतल्याशिवाय माझा डोळा उघडत नाही. लग्नातसुद्धा मी आधी चहा घेतला, मग हार घातला! रोज हौसाक्का हाक मारते, बाबा, चहा घ्या. आज हाक नाही. आधी चहा, मग डोळे. जा!"

आणि पुन्हा घोर्रर्र!

आता काय? चहा नाही म्हणून बाबा उठेनात. बाबा उठेनात म्हणून मोटर नाही, पाणी नाही, गवत नाही, दूध नाही. आणि दूध नाही म्हणून चहा नाही! गोल गोल गोल. मुंगीचं डोकं फिरलं. गरगर, गरगर.

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

मुंगी परत निघाली. तुरु... तुरु... हळूहळू.

तिला रडू आलं. मुंगीचं रडू केवढं? मुंगीएवढंच. पण रडू ते रडूच की!

दुकानाच्या मागं हौसाक्का कपबश्या विसळायची. पाणी तिथंच पडायचं. त्या ओल्या मातीत उभा होता गवती चहा. हिरवागार. लांब लांब पानांचा. सुळसुळ, सुळसुळ.

"का गं रडतेस?" त्यानं विचारलं.

मुंगी म्हणाली,
"गवतीआजोबा, गवतीआजोबा,
बाबा डोळे उघडीनात,
मोटर घुर्र करीना,
पाट खळखळ वाहेना,
गवत हिरवं होईना,
म्हैस दूध देईना,
हौसाक्का चहा करीना,
थेंब मला मिळेना!"

गवती चहा हसला. सुळसुळ, सुळसुळ.

"खुळी गं खुळी! चहाला दूधच हवं, हे सांगितलं कुणी? दूध त्यात मागाहून आलं. आणि ती डब्यातली चहापूड? ती तर कालची पोर! आगगाडीत बसून आली. मी इथलाच. हौसाक्काच्या पणजीनं मला लावलं. कुणाला सर्दी झाली, उकळ माझी पानं! कुणी पाहुणा आला, उकळ माझी पानं! कोरा चहा! घे, तोड पानं. पण गूळ लागेल हं. आहे का गूळ?"



गूळ होता. तिच्या बिळात होता. आत, अगदी आत. एकच खडा. पावसाळ्यासाठी ठेवलेला.

मुंगीनं बिळाकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. आभाळ निळं निळं.

"आणते!" मुंगी म्हणाली.

ओढ ओढ. हय्या हुप्प! ओढ ओढ. हय्या हुप्प! आला खडा बाहेर.

तो नेऊन ठेवला कुठं? थेट हौसाक्काच्या पुढ्यात.

"हौसाक्का, कोरा चहा कर. येसूबाबांना."

"कोरा?" हौसाक्का कडाडली. कावळे उडाले. भुर्रर्र! "माझ्या दुकानात कोरा चहा? लोक हसतील मला!"

मागून गवती चहा म्हणाला, "हौसे, तुझी पणजी काय उकळायची गं?"

हौसाक्का थांबली. नाक खाजवलं. पदर खोचला.

"माहीत आहे मला! मला काय शिकवता? माझ्या मनातच होतं!"

चूल पेटली. फू फू! कळशीत पाणी होतं कपभर. ते ओतलं. पानं तोडली. तट् तट्! गूळ टाकला. डुबुक! आणि मग रटरट, रटरट.

अहाहा! काय तो वास!

चहा झाला. किती? कपभर. फक्त कपभर.

मुंगीच्या तोंडाला पाणी सुटलं. गूळ तिचा. पळापळ तिची.

हौसाक्कानं बशी हातात घेतली. मुंगीकडे बघितलं.

मुंगी म्हणाली, "माझा थेंब मागाहून. हा बाबांचा."

हौसाक्कानं बशी कपाखाली ठेवली. कप उचलला. मुंगी बसली बशीच्या काठावर. निघाल्या दोघी.

अंगणात बाज. बाजेवर गोधडी. घोर्रर्र, घोर्रर्र.

मुंगी कानाशी गेली आणि म्हणाली, "बाबा, चहा घ्या!"

बाबांचं नाक हललं. मिशी हलली. हात आला गोधडीबाहेर.

"चहाला कधी नाही म्हणू नये!" बाबा म्हणाले.

चहा बशीत ओतला. फुंकर मारली. फुर्रर्र, फुर्रर्र! आणि मग?

टक्क! उघडला एक डोळा. टक्क! उघडला दुसरा डोळा.

बाबा उठले. खट्ट! खटका दाबला.
मोटर चालली. घुर्रर्र, घुर्रर्र!
पाट वाहिला. खळखळ, खळखळ!
गवत हिरवं झालं. सळसळ, सळसळ!
म्हशीनं खाल्लं. कचर कचर!
म्हशीनं दूध दिलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र!
हौसाक्कानं चहा केला. रटरट, रटरट!

पातेलंभर चहा! आलं कुटून घातलं. ठक ठक ठक. वेलदोडा घातला. वास गेला बांधापर्यंत, गोठ्यापर्यंत.

मग काय! येसूबाबा आले टोपी घालून. म्हैस आली दावं तोडून. गवती चहा मागून वाकून बघू लागला. गिऱ्हाइकं आली. सगळ्यांचा एकच गलका.

"आधी मला!"

"ऑंय! दूध माझं. आधी मला!"

"मी खटका दाबला. आधी मला!"

ठण्ण! हौसाक्कानं सांडशी आपटली पातेल्यावर.

"गप्प!"

कावळे उडाले. भुर्रर्र! सगळे गप्प.

हौसाक्कानं पहिली बशी भरली. काठोकाठ. सगळे बघत राहिले. बशी चिंचेखाली नेली. मातीत ओतली.

माती प्यायली. गुटुक गुटुक.

आणि चिंचेच्या एका पानावर राहिला एक थेंब. गोड, गरम, गोल.

पानाजवळ उभी मुंगी. कमरेवर हात ठेवून. होते तेवढे सगळे हात कमरेवर! थेंब समोर होता, तरी प्यायली नाही. भांडण अजून मिटलं नव्हतं ना!

हौसाक्का मुंगीकडे बघते. मुंगी हौसाक्काकडे बघते.

आता हौसाक्का काय म्हणणार? चुकलं म्हणणार? छे! हौसाक्का चुकत नसते.

पण हौसाक्का वाकली. कुणापुढं न वाकणारी हौसाक्का वाकली. गुडघे वाजले. कटकट! पदरानं पानापुढची धूळ झटकली. आणि बोलली. आवाज असा, की एकसुद्धा कावळा उडाला नाही.

"मुंगीबाई, बसा. चहा घ्या."