तळ्यावरच्या बाईचं चित्र

एका नगरात एक छापेकरी राहत होता. चौकटीवर तलम रेशीम ताणायचं, जिथे रंग नको तिथली भोकं लाखेने बुजवायची आणि लाकडी पट्टीने वरून रंग ओढायचा, की खाली चित्र उमटे. एका चौकटीतून शेकडो चित्रं निघत. तो साड्यांवर कोयऱ्या छापून सुखाने जगत होता.

त्या साली राजाने नगराचं तळं आपल्या बागेसाठी बंद केलं. माणसं घरात बसून कुरकुरली. एक परटीण मात्र बांधावर उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "पाणी सोडा!" शिपायांनी तिला फरफटत नेलं. छापेकऱ्याने ते पाहिलं आणि तो तडक घरी आला.

त्याने तिचा चेहरा चौकटीवर उतरवला. चेहरा आणि त्यात मोठ्ठं उघडं तोंड, बाकी काही नाही. भिंतीभिंतीवर तीच दिसू लागली. शिपाई वर चुना फासत, हा पुन्हा छापे. ज्यांना अक्षर कळत नव्हतं त्यांनाही ते ओरडणं कळलं. शेवटी माणसं उठली. परटीण सुटली, तळं उघडलं आणि राजा पळाला.

गर्दीच्या पुढे चालणारा पुढारी गादीवर बसला. तेच चित्र राज्याचं निशाण झालं. छापेकऱ्याची छाती फुगली. फुगणारच, म्हणा.

दोन वर्षांत पुढाऱ्याच्या मेहुण्यांनी ऊस लावला आणि तळ्याचं पाणी तिकडे वळलं. मग पुढाऱ्याने छापेकऱ्याला बोलावलं.

"चित्र झकास आहे रे. पण बाई फार ओरडते. परदेशचे पाहुणे बिचकतात. तोंड तेवढं मिटव."

"महाराज, तोंडच तर चित्र आहे."

"अंगठ्याएवढी लाख लागेल. बदल्यात तू राजचित्रकार. सगळ्या भिंती तुझ्या."

चेहरा तर तोच राहतोय, असं छापेकऱ्याने स्वतःला समजावलं आणि लाख लावली. आपल्याच हाताने! मिटल्या ओठांची समाधानी बाई नगरभर झळकली. ज्याचं चित्र त्याला पहिला छाप द्यायचा, ही छापेकऱ्यांची रीत. या वेळी त्याचे पाय परटिणीच्या दाराकडे वळले नाहीत.

उन्हाळ्यात परटीण पुन्हा बांधावर उभी राहून ओरडली. शिपाई म्हणाला, "गप! निशाणावरची बाई बघ कशी शांत आहे. शीक काहीतरी."

"अरे मेल्या, ती मीच आहे!"

शिपायाने निशाण तिच्या तोंडाशेजारी धरलं. लोकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सहा महिने सगळे रोज मिटलेलं तोंडच पाहत होते.

"नाही जुळत," कुणीतरी म्हणालं.

परटिणीला गर्दीत छापेकऱ्याचा जरीचा फेटा दिसला. "छापेकरीदादा, तू सांग यांना. मलाच पाहून काढलंस ना?"

सगळे त्याच्याकडे वळले. एक 'हो' पुरला असता. त्याने फेटा सावरला आणि म्हणाला, "चित्र कुणा एकीचं नसतं, बाई. ते सगळ्या नगराचं असतं."

लोकांनी माना डोलावल्या. केवढं शहाणं वाक्य! निशाणाची विटंबना केली म्हणून शिपायांनी परटिणीला वेशीबाहेर हाकललं आणि तिचं धुण्याचं बोचकं मागून फेकलं. तळ्याचं पाणी उसालाच जात राहिलं. त्यावर पुन्हा कुणी ओरडलं नाही.

तात्पर्य एवढंच: सत्तेने आपलं चित्र डोक्यावर घेतलं म्हणून हुरळू नये, ती त्यातलं काय बुजवायला सांगते ते पाहावं, आणि ज्याच्या दुःखावर आपलं नाव झालं, त्याला चारचौघांत ओळख द्यायची हिंमत ठेवावी.