श्रीरंग घरी जाऊन आला

“आणि सिनेमा लागला, तेव्हा तू कुठं बसला होतास?” विश्वंभरबुवांनी विचारलं.

“सगळ्यांमध्येच, बुवा. आईच्या शेजारी,” श्रीरंग म्हणाला. “पण डोळे मिटून.”

बुवा ओसरीवर डाळिंब्या सोलत होते. मोड आलेला वाल चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि दाणा ताटात पडतो. त्यांनी ताट जरासं श्रीरंगकडे सरकवलं. त्याचं लक्ष नव्हतं.

गोदाकाठच्या या मठात एक रीत आहे. संन्यासाची दीक्षा घेण्याआधी शिष्यानं एक अख्खा दिवस घरी राहून यायचं. जप नाही, प्रवचन नाही. घरची माणसं सुट्टीच्या दिवशी जे काही करतात, ते त्यांच्यात बसून करायचं आणि निघताना आईचा होकार घ्यायचा. मग दुसऱ्या पहाटे दीक्षा.

श्रीरंग या पहाटेची कितीतरी वर्षं वाट बघत होता. आता ती उद्यावर आली होती. फक्त बुवांनी ‘हो’ म्हणायचं बाकी होतं.

घरी जाऊन ये म्हटल्यावर त्यानं ते फारच मनावर घेतलं. स्वारी जालन्याला निघाली ती लढाईला निघाल्यासारखी, आणि परतली तीही जिंकून आल्यासारखीच.

“सकाळपासून सांग,” बुवा म्हणाले.

“सकाळी बाबा वाचत बसले. मोठ्यानं वाचायची सवय आहे त्यांना. कुठलंसं प्रवासवर्णन होतं. आई चहा घेऊन ऐकत होती. ताईही होती. मी येणार म्हणून मुद्दाम सासरहून आली होती.”

“कुठला प्रवास?”

“लक्ष नाही दिलं, बुवा. मी श्वासावर मन ठेवून होतो.”

“बरं. मग?”

“मग ताईनं पेटी काढली आणि आई गायली. लग्नाआधी गायची म्हणे. आम्ही कधी ऐकलं नव्हतं.”

“कशी गायली?”

“मी कानांत कापूस घातला होता.”

हे सांगताना श्रीरंगचा चेहरा असा काही उजळला, की दुसऱ्या एखाद्या शिष्याला त्याचा हेवाच वाटला असता. बुवांनी पुढचा दाणा उचलला.

“जेवलास?”

“आळणी. नुसता वरणभात. आईनं अळूवड्या केल्या होत्या, माझ्या आवडीच्या. मी हात लावला नाही.”

“तिनं खाल्ल्या?”

“ते… नाही पाहिलं.”

“हं.”

“बुवा, तिथं काय काय होतं, ते मलाच माहीत! ताईनं पत्ते आणले. बाबांनी माझ्या लहानपणीचे फोटो काढले. मी एकाही फोटोकडे पाहिलं नाही. दिवसभरात एकदाही मन हललं नाही माझं.”

“सिनेमाचं सांगत होतास.”

“हो. संध्याकाळी टीव्हीवर लागला होता. विनोदी असावा. बाबा आणि ताई सारखे हसत होते.”

“आई?”

“तीही…” श्रीरंग थांबला. “एकदा माझे डोळे किलकिले झाले. चूक झाली, बुवा, कबूल करतो. तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. हसून हसून पाणी आलं असेल.”

“पडद्याकडे बघत होती?”

श्रीरंग आठवू लागला.

“नाही. माझ्याकडे.”

बुवांनी मान हलवली. अंगणात कोरड्या पानांवरून एक चिमणी टुणटुण उड्या मारत गेली. 

“मग ती उठली,” श्रीरंग आपणहून सांगू लागला. “माझ्या अंगावर शाल टाकली. गारठा होता जरा. मी डोळे उघडले नाहीत.”

“शाल राहू दिलीस?”

“काढून ठेवली. मोहच तो.”

“तिनं पाहिलं?”

“…पाहिलं असेल.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. सिनेमा संपल्यावर डोळे उघडले, तर घडी करून मांडीवर घेऊन बसली होती.”

श्रीरंगला आता आपलाच आवाज जरा मोठा वाटू लागला होता. त्यानं तो खाली आणला.

“होकार?” बुवांनी विचारलं.

“दिला. आज सकाळी निघताना मी विचारलं, संन्यास घेऊ का? म्हणाली, घे बाळा. सांभाळून जा.”

“थांब म्हणाली?”

“नाही.”

“परत कधी येशील, असं विचारलं?”

“नाही.”

“रडली?”

“माझ्यासमोर नाही.”

“काही मागितलं तुझ्याकडे?”

कालचा दिवस श्रीरंगच्या डोळ्यांपुढून पुन्हा गेला असावा, आणि या खेपेला त्याचे डोळे उघडे होते.

“नाही, बुवा. काहीच नाही.”

“अख्खा दिवस शेजारी बसून?”

“अख्खा दिवस.”

त्यानं पाठ ताठ केली. एवढी वर्षं काढली होती, आता ऐन वेळी कच खायची नव्हती.

“होकार तर मिळाला आहे,” तो म्हणाला. “माझी तयारी आहे, बुवा. उद्या पहाटे…”

बुवांनी हात झटकले. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून फाटकापाशी गेले. तिथून जालन्याचा रस्ता दिसतो. त्या रस्त्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांना वाकताना त्रास होतो, हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

श्रीरंग मागोमाग आला होता. काय करावं ते न सुचून त्यानंही हात जोडले.

बुवा सरळ झाले.

“आत्ताच निघ,” ते म्हणाले. “आईला घेऊन ये. पहाटेची दीक्षा तिला द्यायची आहे.”