डोंगरापलीकडचा धूर

एका डोंगराला दोन गावं टेकून होती. मावळतीला कारेवाडी, उगवतीला निंबोणे.

दर उन्हाळ्यात कारेवाडीचे लोक डोंगराला वणवा लावत. जळल्यावर गवत चांगलं फुटतं, असा त्यांचा समज. त्या दिवसांत वारा मावळतीकडून येई आणि सगळा धूर डोंगरापलीकडे नेई. संध्याकाळी हवा थंड झाली की तो निंबोण्याच्या खोऱ्यात उतरे आणि तिथेच बसून राही. कारेवाडीचं आभाळ मात्र निळंच.

निंबोण्यात येसूबाई घोंगड्या विणायची. तिच्या नवऱ्याला दमा होता. धुराच्या दिवसांत त्याला पाठ टेकता येत नसे. येसूबाई डोंगर चढून कारेवाडीच्या पाटलाकडे गेली आणि वणवा लावू नका म्हणून हात जोडून सांगितलं.

पाटील हसला. "डोंगर आमचा आहे, बाई. धूर तुमच्याकडे वारा आणतो. त्याला आम्ही काय करणार?"

त्याच उन्हाळ्यात तिचा नवरा गेला. कारेवाडीतून मयतीलाही कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी वणवा पेटला आणि अवेळी आभाळ भरून आलं. वारा पडला, मग उलटा फिरला. जाळ आणि धूर दोन्ही कारेवाडीवर उतरले. गावाखाली उभा कडा होता, म्हणून लोक पोरं उचलून, जाळ न पोचलेल्या बाजूच्या खिंडीतून निंबोण्याकडे पळाले.

खिंडीच्या तोंडाशी निंबोण्याचे लोक काठ्या घेऊन उभे होते. यांना आत घ्यायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. येसूबाईही त्यांच्यात होती. पाटलाच्या सुनेच्या कडेवरचं मूल खोकून निळं पडलेलं तिने पाहिलं. तिने काठी टाकली, मूल घेतलं आणि लोकांना वाट द्यायला सांगितलं.

वाऱ्याने दगा दिला, असं पाटील पुटपुटला. येसूबाई वळली.

"वारा दरवर्षीच वाहतो, पाटील. काडी तुम्ही ओढता. माझ्या घरी या, पाणी प्या. पण माझा माणूस तुम्ही मारलात, हे मी विसरणार नाही."

पाटलाने मान खाली घातली.

त्यानंतर डोंगराला कुणी काडी लावली नाही. गवत कापायला दोन्ही गावं एकत्र जात. पाटीलही विळा घेऊन येई. येसूबाई त्याच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही.

तात्पर्य एवढंच: आपण लावलेल्या आगीचा धूर नजरेआड झाला म्हणजे संपला असं नाही. तो कुणाच्या तरी छातीत जातो, आणि त्याचा जाब वाऱ्याला नाही, आपल्यालाच द्यावा लागतो.